बागेसमोरचा काटा

आईचं सामान दुकानाच्या दारात उतरलं, तेव्हा धाकट्या सुनेने आधी आईच्या पायांकडे पाहिलं. चपलांचे पट्टे शेवटच्या भोकात अडकवूनही रुतले होते, आणि घोट्यांची हाडं सुजेत कुठे बुडाली होती कोण जाणे.  तिची नजर थोरल्या सुनेने बरोबर टिपली, आणि आजची दुपार कशी जाणार हे तिला गाडीतून उतरता उतरताच कळून चुकलं.

वडील लवकर गेले होते, आणि पुढे थोरला वेगळा झाल्यावर दोघा भावांनी आईच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. अर्धं वर्ष थोरल्याकडे, अर्धं धाकट्याकडे. धाकटा जुन्या घरात राहिला होता. खाली काट्यांच्या दुरुस्तीचं दुकान, वर खोल्या, आणि रस्ता ओलांडला की सार्वजनिक बागेचं फाटक. थोरला मात्र शहराबाहेर गेला, जिथे गोदामं होती आणि ट्रक तोलायचे मोठे काटे होते. ते सारखे बिघडत, म्हणून त्याने कामाजवळच उंच इमारतीत घर घेतलं. घर प्रशस्त होतं. धाकट्याच्या घरी दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागे, आणि थोरल्याकडे हाक मारली तर ती पोचायला वेळ लागे, असं त्यांची बहीण चेष्टेने म्हणायची.

पाळी बदलण्याचा दिवस दुकानाच्या वाढदिवसाला जोडलेला होता, आणि त्या दिवशी या घरात एक प्रकार चालायचा जो दुसऱ्या कुठल्या घरात चालत असेल असं वाटत नाही. दुकान अर्धं बंद करून घरातलं एकूणएक माणूस मोठ्या काट्यावर उभं राहायचं. आईच्या सासऱ्यांनी ही रीत घातली. जो दुसऱ्याचे काटे तपासतो त्याने वर्षातून एकदा आपल्या माणसांसमोर आपल्या काट्यावर उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं. काटा त्यांनी स्वतः बांधलेला. खाली लोखंडी फळी, वर आडवी पितळी दांडी, आणि दांडीवर मागेपुढे सरकणारं मुठीएवढं वजन. आकडा मोठ्याने वाचायचा मान घरातल्या थोरल्या मुलाचा.

गेल्या वर्षी याच मानाने घोटाळा केला होता. थोरल्याकडून आलेल्या आईचा आकडा चांगलाच वर गेला आणि थोरल्याला तो स्वतःच्या तोंडाने सांगावा लागला. बहीण म्हणाली, वहिनीचा हात सढळ आहे. धाकटी म्हणाली, आमच्याकडे तर आई अशा होत नाहीत बाई. बोलणं तेवढंच झालं, पण थोरली आठवडाभर नीट जेवली नव्हती. त्यानंतर आईचं हृदय थकल्याचं निघालं. वजन वाढू देऊ नका, अंगात पाणी साठू देऊ नका, रोज चालवा, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि बहिणीने फोनवर सगळ्यांना ऐकवलं की यंदाही आकडा वर गेला तर पाळ्या बंद. आई कायमची बागेसमोर राहील.

म्हणून आज थोरला सगळ्यांच्या आधी आला होता. काटा पुसतो म्हणाला. धाकटा वरून चहा घेऊन उतरला तेव्हा तो काट्यामागे वाकून होता, घामाने निथळत होता, आणि दम लागल्यामुळे त्याला पटकन उभं राहता येत नव्हतं. धाकट्याने कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. थोरल्याने तो न बघितल्यासारखं करून फळीच्या कडेला धरून स्वतःला उचललं.

“दादा, तू तपासून घे ना एकदा,” धाकटा म्हणाला.

“तपासलाय काटा.”

“काट्याचं नाही म्हणत मी.”

थोरल्याने चहा उचलला आणि विषय तिथेच संपवला. गेल्या काही वर्षांत तो इतका फुगला होता की दुकानातल्या फोटोतला माणूस हाच, हे गिऱ्हाइकांना पटायचं नाही. घराण्याचं हाडच जाड, असं तो म्हणायचा. धाकटा त्याच घराण्यातला, त्याच आईच्या हातचं खाऊन वाढलेला. पण हे कोणी बोलून दाखवत नसे.

बहीण आली. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे कुठेही गेली तरी वर्गात शिरल्यासारखी शिरायची. तिने आईला जवळ घेतलं, पाय बघितले, आणि धाकटीकडे बघून भुवई उडवली. थोरली कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. तिने तेही पाहिलं.

आईला हे सगळं दिसत होतं. तिला दिसत नाही असं मुलांना वाटायचं, कारण ती बोलायची कमी. थोरल्याकडच्या शेवटच्या महिन्यात ती जेवताना ताटातलं अर्धं परत करत आली होती. भूक नाही म्हणायची. भूक असायची. पण थोरला कामावरून आला की तिच्या पलंगाच्या कडेला येऊन बसायचा, दिवसभरात कुठला काटा कसा अडला हे सांगायचा, आणि सांगता सांगता तिथेच आडवा व्हायचा. एवढा बाप्या माणूस, पण झोपला की चेहरा लहानपणचाच. ती पाळी मोडू नये एवढंच तिला वाटत होतं. त्यासाठी चार घास कमी खाणं तिला जड गेलं नाही.

आई फळीवर उभी राहिली. थोरल्याने सरकतं वजन पुढे ढकललं, बोटाच्या टोकाने थोडं मागे घेतलं. दांडी डुलली आणि स्थिर झाली. त्याने आकडा वाचला. गेल्या वर्षीपेक्षा वर नव्हता. उलट किंचित खालीच होता.

 मग बहीण म्हणाली, “अरे वा,” आणि तिच्या आवाजात थोडी निराशा होती, हे तिचं तिलाही जाणवलं असावं. थोरलीने स्टुलावर पाठ टेकवली. तिथे टेकायला काही नव्हतं, भिंत लांब होती, म्हणून ती पुन्हा सरळ बसली. तिचे डोळे भरून आले होते. पाळीभर तिने तेल मोजून घातलं होतं, मीठ कमी केलं होतं, वेगळी भाजी शिजवली होती. कोणी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

बहिणीचं वजनही कमी भरलं. धाकटीचंही. धाकटी खूश झाली. मी काही न करता बारीक झाले, म्हणजे मला तुमच्या भावाचा ताप झालाय, असं ती नणंदेला म्हणाली आणि दोघी हसल्या. मग धाकटा उभा राहिला.

धाकट्याची कामाची एक सवय होती. दुरुस्त केलेला प्रत्येक काटा आधी स्वतः उभं राहून बघायचा, आणि मगच तपासायची लोखंडी वजनं काढायची. दिवसातून कितीतरी काट्यांवर तो चढायचा, उतरायचा. आपलं वजन त्याला आपल्या नावासारखं पाठ होतं. ते पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती, जेवल्यावर किती, हेही.

थोरल्याने आकडा वाचला. तो खोटा होता.

धाकटा खाली उतरला नाही. त्याने दांडीकडे पाहिलं, मग भावाकडे. थोरल्याची मान खाली होती आणि बोटं अजून त्या सरकत्या वजनावर होती, जणू ते पळून जाईल. धाकट्याला सगळं एकदम कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. एका बाजूला आईचे सुजलेले पाय होते. दुसऱ्या बाजूला हा भाऊ, ज्याने त्याला हातात पकड धरायला शिकवलं होतं. तो खाली उतरला.

“थांब,” आई म्हणाली. “तुझं कमी कसं आलं?”

“आलं असेल थोडंफार.”

“तुझं येत नाही. मोठी वजनं आण.”

तो हलला नाही. आई त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तो आत गेला आणि कडी असलेलं लोखंडी वजन दोन्ही हातांनी उचलून आणून फळीवर ठेवलं. या वेळी दांडी आईने स्वतः जुळवली. दांडी कुठे थांबवायची हे तिच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. लोखंडावर कोरलेला आकडा आणि दांडीवरचा आकडा यांचा मेळ नव्हता.

“सरकत्या वजनाच्या पोटात शिसं भरलंय,” थोरला म्हणाला. “म्हणून कमी दाखवतं. मीच भरलं. सकाळी.”

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. बहीण उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. या घरात आजवर भांडणं झाली होती, अबोले झाले होते, एकदा तर जेवती ताटं भिरकावली गेली होती. पण काट्याला कोणी हात लावला नव्हता. धाकटी सुद्धा, जी या घरात लग्न होऊन आली होती, तोंडावर हात ठेवून बसली.

“का?” आईने विचारलं.

“तुला माझ्याकडे पाठवणार नाहीत म्हणून.” तो थांबला, मग बायकोकडे न बघता म्हणाला, “आणि हिला पुन्हा सगळ्यांनी बोलू नये म्हणून. गेल्या वर्षी किती रडली ती. मला नाही बघवलं.”

थोरली उठली. ती काट्यापाशी आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. तिला वाटत होतं की आपण आता रडू, पण रडू आलं नाही.

“म्हणजे तुम्हालाही तसंच वाटत होतं,” ती म्हणाली.

“कसं?”

“की माझ्या स्वयंपाकामुळेच होतंय. तसं वाटलं नसतं तर झाकलं असतंत कशाला?”

 थोरल्याने हा विचार केलाच नव्हता. बायकोला वाचवतोय या समाधानात तो महिनाभर होता. कुठे पोकळी आहे, किती शिसं बसेल, दांडी पुन्हा शून्यावर कशी येईल, याचा हिशोब त्याने किती काळजीने केला होता. आणि त्या सगळ्याच्या तळाशी हीच गोष्ट होती, हे आता तिच्या तोंडून ऐकताना त्याला लख्ख दिसलं. ती गुन्हेगार आहे असं धरूनच तो तिची बाजू घेत होता.

“ताई, तुम्हालाही सांगते,” थोरली नणंदेकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. “मी इथे होते तेव्हा हाच हात होता माझा. ह्याच आई जेवायच्या, हेही जेवायचे. तेव्हा कोणी सुजलं नाही. तिथे गेल्यावर मी तेल काढलं, साखर काढली, तरी ह्यांचं हे असं, माझे गुडघे असे, आणि आईंचे पाय तुमच्या समोर आहेत. मग तुम्ही घरात येऊन एकदा बघा ना आम्ही राहतो कसे. पहिल्याच आठवड्यात आई खाली उतरल्या होत्या चालायला. फाटकाबाहेर पदपथ नाही. गोदामाची भिंत संपली की दुसऱ्या गोदामाची भिंत. ट्रक अंगावर धूळ उडवत जातात, आणि बसायचं म्हटलं तर सावली नाही की ओटा नाही. एका ट्रकवाल्याने इतक्या जवळून भोंगा वाजवला की त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मी आणायला गेले तेव्हा थरथरत होत्या. मला म्हणाल्या, ह्याला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल. त्यानंतर खाली उतरल्या नाहीत. खिडकीशी उभ्या राहायच्या.”

थोरल्याने आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली.

“मी मशीन आणलं होतं चालायचं,” तो हळूच म्हणाला.

“त्यावर टॉवेल वाळतात,” थोरली म्हणाली.

 मग धाकटी बोलली, आणि ती जे बोलली त्याची थोरलीने अपेक्षा केली नव्हती. ती म्हणाली की इथे ती वेगळं काहीच करत नाही. उलट तळलेलं तिच्याकडेच जास्त असतं. पण आई सकाळी दूध आलं की बागेत, संध्याकाळी ऊन उतरलं की बागेत. चालायला म्हणून जातच नाहीत त्या. कोणाची नात बघायला जातात, कोणाशी बाकावरच्या जागेवरून भांडायला जातात, माळी कुठली फांदी छाटतोय ते बघायला जातात. नाही म्हटलं तरी बागेच्या चार फेऱ्या होतात. भूक लागते, झोप लागते, पाय हलके राहतात.

“सगळे म्हणायचे धाकटी किती छान ठेवते आईंना,” ती म्हणाली. “मी ऐकून घेत होते. कौतुक कोणाला नको असतं? पण ते बागेचं होतं, वहिनी, माझं नव्हतं.”

 थोरली स्टूल ओढून जावेशेजारी बसली. बहिणीने चष्मा काढून पुसायला घेतला.

मग थोरल्याने कोणी न सांगता पेचकस घेतला. सरकतं वजन दांडीवरून उतरवलं, त्याच्या तळाचा स्क्रू काढला आणि शिशाचा काळपट गोळा ओट्यावर ठेवला. धाकटा शेजारी येऊन उभा राहिला आणि लागेल ते हातात देत गेला, लहानपणी द्यायचा तसा. दांडी रिकामी असताना शून्यावर आली. लोखंडी वजन ठेवलं, आकडा जुळला. थोरल्याने आईला हात देऊन फळीवर चढवलं.

आकडा वर गेला होता. गेल्या वर्षीपेक्षा खूपच वर, आणि तोही अर्धपोटी राहून. त्याने तो मोठ्याने वाचला, जसा वाचायचा असतो तसा, आणि वाचून झाल्यावरही दांडीकडे बघत राहिला. अंगात पाणी साठतंय, उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे न्यायला हवं, असं बहीण म्हणाली. मी नेतो, असं धाकटा म्हणाला.

“आई इथेच राहील,” थोरला म्हणाला. “पाळी वगैरे आता नको.”

हे त्याने म्हणावं म्हणून बहिणीने वर्षभर आकांत केला होता. आता त्याने ते म्हटल्यावर तिलाच भडभडून आलं. आई मात्र फळीवरून उतरली नाही.

“आणि तू?” तिने विचारलं.

“मी येईन की सुट्टीच्या दिवशी.”

“ते नाही विचारत. तू उभा राहा यावर.”

त्याने टाळायचं बघितलं. दरवर्षी तो सगळ्यांच्या शेवटी उभा राहायचा, आकडा स्वतःच पुटपुटायचा आणि कोणाला नीट कळायच्या आत उतरायचा. आज आईने त्याला ढकलल्यासारखं करून वर चढवलं आणि दांडी हातात घेतली. सरकतं वजन सरकत सरकत दांडीच्या टोकापर्यंत गेलं आणि तरीही दांडी खाली येईना. धाकट्याने टोकाला वरकड वजन अडकवलं. तेव्हा कुठे ती डुलली.

आईने आकडा वाचला नाही. ती वाचेल म्हणून सगळे वाट बघत होते. तिच्या नवऱ्याला याच काट्यावर तिने असंच पाहिलं होतं, टोकाला वरकड वजन अडकवून, आणि त्यानंतरचा दुकानाचा वाढदिवस त्यांनी पाहिला नव्हता. ते तेव्हा आजच्या थोरल्याच्याच वयाचे होते. या घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्याचा उच्चार करत नसे. तिने दांडीवरचा हात काढला आणि मुलाच्या पोटावर, शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर ठेवला.

“मला वाचवाल तुम्ही सगळे मिळून,” ती म्हणाली. “आणि हा मागे तिथे एकटा राहून माझ्या आधी जाईल. ते बघायला ठेवायचंय मला इथे?”

थोरल्याला दम लागला होता. नुसतं उभं राहून. बाहेर ऊन उतरत होतं, बागेच्या फाटकातून माणसं आत जायला लागली होती, म्हातारी, तरुण, एकमेकांशी बोलत, कोणी कुत्र्याला ओढत आणि कोणाला कुत्रा ओढत. हे घर सोडताना त्याने धाकट्याला सांगितलं होतं की या खुराड्यात मी पुन्हा पाय ठेवणार नाही राहायला.  ते वाक्य आता दोघांनाही आठवत होतं.

“इथे मला जागा होईल का रे?” थोरल्याने विचारलं.

धाकट्याला चटकन हो म्हणता आलं नाही. वरची खोली दुरुस्तीला आलेल्या काट्यांनी छतापर्यंत भरली होती, ते लोकांचे होते. त्याने तसं सांगितलं. रिकामी करायला महिना तरी लागेल, दादा, आणि तुझं काम तिकडे, रोजचं जाणं-येणं होईल तुला. तो खरं बोलत होता, आणि खरं बोलताना त्याला लाज वाटत होती.

“महिना नको,” आई म्हणाली. “आजपासून माझ्या खोलीत ह्याला खाली गादी घाला. थोरली माझ्या पलंगावर झोपेल माझ्याबरोबर. अडचण होईल. होऊ दे.”

थोरला काट्यावरून उतरला. उतरताना त्याने या वेळी धाकट्याचा हात धरला, आणि उतरल्यावरही लगेच सोडला नाही. मग तो बायकोकडे वळला. 

“मी राहते,” थोरली म्हणाली. “पण आता बागेत आईंना घेऊन तुम्ही एकटेच जा. मी येणार नाही. मला तुमचा राग आलाय, आणि तो इतक्यात जाणार नाही.”

त्याने मान डोलावली. आईने चपला घातल्या, त्या घालायला धाकटीने वाकून मदत केली. दोघं दाराबाहेर पडली. रस्ता ओलांडताना आई थांबली, कारण त्याला श्वास घ्यायचा होता. फाटकाशी पोचेपर्यंत ती आणखी एकदा थांबली. थोरली दुकानाच्या दारातून ते बघत होती, आणि ती दोघं आत दिसेनाशी होईपर्यंत ती दारातून हलली नाही.